मथुराबाईंचं शिळं पाणी

भांडुपच्या टेकडीखालच्या चाळीत मथुराबाईंचा एकच कायदा: कालचं पाणी आज घरात नको. पहाटे साडेपाचला नळ यायच्या आधी उरलंसुरलं सगळं मोरीत ओतायचं, मग ताजं भरायचं. मालवणला परसात विहीर होती, रोज शेंदायची सवय. तीच सवय लग्नानंतर त्यांच्याबरोबर मुंबईला आली आणि अख्ख्या मजल्याला लागली. बाईंची शाळा दुसरीतच सुटलेली, पण गॅलरीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

शेजारची सगुणा कोळीण तेवढी जुमानत नसे. ती मासळी विकायची. तिच्या दारात तीन पिंपं. दोनांत पिण्याचं पाणी, चार-चार दिवस झाकून ठेवलेलं. तिसऱ्यात तांदळाचं धुवण, भांड्यांचं निथळ, जे उरेल ते. ते जाई संडासात.

"पिंपात बेडूक पाळलेस काय गो?" मथुराबाई विचारत.

"पाळलेत ना. तुमच्यापेक्षा कमी ओरडतात."

शहाऐंशीच्या एप्रिलात चाळीच्या फळ्यावर खडूनं लिहून आलं: शनिवार-रविवार पाणी बंद, मोठा पाइप दुरुस्त होणार. आणि रविवारीच मथुराबाईंच्या सुनेचं, उत्तराचं, डोहाळजेवण! घरातलं पहिलं नातवंड. जोगेश्वरीहून विहीणबाई रत्नप्रभा येणार, ज्यांना देवाच्या नैवेद्यातही मीठ कमी वाटे. मथुराबाईंनी शुक्रवारी पिंप, हंडे, बादल्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यासुद्धा भरून ठेवल्या. पोळपाट तेवढा राहिला, तो सपाट म्हणून.

शनिवारी पहाटे सव्वापाचला त्या उठल्या. डोळे अजून मिटलेले, हात मात्र कामाला लागले. पिंप आडवं, हंडे पालथे, बरण्या रिकाम्या. शेवटची कळशी ओतून त्यांनी नळ सोडला. नळ एकदा खाकरला आणि गप्प बसला.

तेव्हा आठवलं.

तोवर साऱ्या मजल्यावरून भसाभस आवाज येऊन गेले होते. समोरची नलिनी धावत आली. "मथुराबाई, तुम्ही ओतलंत म्हणून आम्ही ओतलं!"

"मी विहिरीत उडी मारली असती तर?"

"विहिरीत पाणी तरी असतं!"

उत्तरा पोट सावरत उंबऱ्यावर बसली. "आई, उद्याचं पुढे ढकलू या?"

"आणि तुझ्या आईला वर्षभर बोलायला विषय देऊ?" मथुराबाई फणकारल्या. पण आवाज खाली आला होता. अकरा वर्षांत ज्या दारात पाऊल टाकलं नव्हतं, त्या दारात त्या जाऊन उभ्या राहिल्या.

"सगुणा, उद्या माझ्या सुनेचं जेवण आहे."

"माहीत आहे. मला आमंत्रण नाय."

"आता देते."

"पाण्यासकट?" सगुणानं झाकणावर हात ठेवला. "शिळं आहे हां."

"चालेल."

"गॅलरीला ऐकू नाय आलं."

"शिळं चालेल!" मथुराबाई ओरडल्या. खालच्या मजल्यावरसुद्धा कुणीतरी हसलं.

सगुणानं दोन्ही पिंपं दिली, पण कारभार आपल्या हातात ठेवला. रविवारी सकाळपासून ती मोरीच्या तोंडाशी पाटावर बसली. तांदळाचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं तिसऱ्या पिंपात. भाजी धुऊन पाणी मोरीत सोडणाऱ्या नलिनीच्या हातावर तिनं चापट मारली.

ओटी भरली, पंगत बसली. रत्नप्रभाबाईंनी भातात खडा शोधला, सापडला नाही. मग पेला तोंडाला लावला. "पाणी मात्र गोड हो तुमच्याकडे. ताजं दिसतंय. आज नळ आला?"

मथुराबाईंच्या जिभेवर 'हो' तयारच होतं. मोरीच्या दारातून सगुणा बघत होती.

"चार दिवसांचं आहे," मथुराबाई म्हणाल्या, "आणि माझं नाही, हिचं आहे. तलावात वर्षभर पडून राहिलेलं नळातून आलं की तुम्हाला ताजं वाटतं ना विहीणबाई? मग आमच्या पिंपात चार दिवस राहिलं तर काय त्याला म्हातारपण येतं?"

रत्नप्रभाबाईंनी दुसरा पेला मागितला. उत्तराला हसून हसून उचकी लागली. तिलाही तेच पाणी पाजलं.

सोमवारी पहाटे नळ आला. सगुणाच्या पिंपातलं उरलेलं पाणी कळशीत घेऊन नलिनी मोरीकडे वळली.

"नलिने, ठेव ती खाली! चांगलं पाणी ओततेस? जनाची नाही तर मनाची?"

डोक्यावर पाटी घेऊन निघालेली सगुणा थबकली. "मथुराबाय, ह्यो कायदा कोणाचा?"

"माझाच," मथुराबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या पिंपाचं झाकण वाकडं बसलंय, ते नीट करून जा. बेडूक पडेल."