भामरे सरांनी दिलेला एडिसन

भामरे सरांनी मला एडिसन दिला आणि मी घरी येऊन रडले. एडिसन मिळाला म्हणून रडणारी अख्ख्या चोपडा तालुक्यात बहुधा मी एकटीच असेन.

आठवीच्या वर्गाला सर दर जानेवारीत एकेक शास्त्रज्ञ वाटून द्यायचे. महिनाभर त्याच्याबद्दल वाचायचं आणि फेब्रुवारीत विज्ञान दिनाला गावासमोर उभं राहून बोलायचं. हे एक्क्याण्णव साल. कोणाला कोण द्यायचा ते सर स्वतः ठरवायचे, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. "मी पोरगं बघून माणूस देतो," असं सांगायचे, जसं काही वधूवर सूचक मंडळच चालवतात. भिकनच्या शेतात कापूस आणि भुईमूग, म्हणून त्याला कार्व्हर. हाशमचे वडील बाजारात चष्मे दुरुस्त करायचे, म्हणून त्याला दुर्बीणवाला गॅलिलिओ. रतिलालचा पहिला नंबर, म्हणून त्याला सी. व्ही. रामन. मग सरांची नजर माझ्यावर आली.

"पुष्पा," सर खास मोठ्यानं म्हणाले, "तुला एडिसन. त्यांनाही ऐकू कमी यायचं बरं का! पण अडलं का त्यांचं काही?"

माझा डावा कान लहानपणी फुटला आणि कायमचा गेला. उजवा मात्र ठणठणीत. सरांचं बोलणं मला ऐकू आलंच, शेजारच्या सातवीलाही गेलं असणार.

पोरं माझ्यावर जळाली. रतिलाल तर मधल्या सुटीत भांडायलाच आला. "मना बापनं लाईटनं दुकान शे. एडिसन माले पाहिजे व्हता!" मी म्हटलं, घेऊन जा. पण सरांनी दिलेला माणूस असा परस्पर बदलता येत नसे.

सगळ्यांत भारी माणूस मिळूनही मी का रडते, हे घरी आईला उमगेना. "बठ्ठासमा भारी माणूस तुले भेटना, मंग रडस कसाले?"

तिला काय सांगणार? माझा संताप संताप होत होता. महिनाभर मी एका माणसाच्या कानाबद्दल वाचायचं, मग सगळ्या गावासमोर उभं राहून तेच बोलायचं, आणि गावानं टाळ्या वाजवून म्हणायचं, बहिरी पोरगी छान बोलली हो. आमच्याही शेतात केळी होत्या की. माझ्या घराकडे बघून सरांना कोणी सुचलं नाही. सुचला तो कानच.

आणि मला रामन हवे होते. त्याला कारण होतं. आत्याकडे नशिराबादला जाताना एस.टी. तापीच्या पुलावरून जायची. वरून पाणी हिरवंगार दिसायचं. एकदा काठावर उतरून मी ओंजळ भरून घेतली, तर त्यात रंगच नाही. मग नदीत असताना तो येतो कुठून? पुस्तकात वाचलं, समुद्र निळा का, हा प्रश्न रामनना बोटीतून जाताना पडला होता. इतका मोठा माणूस पाण्याकडे बघत बसला होता, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि दोन टेबलं. सर परीक्षानळ्या धूत होते.

"सर, मला एडिसन नको."

"का गं? तुझ्यासाठी तर मुद्दाम शोधला."

"म्हणूनच नको." आता थांबले तर परत बोलणं व्हायचं नाही हे मला ठाऊक होतं. "भिकनला शेतावरून दिला, हाशमला वडिलांच्या धंद्यावरून, रतिलालला नंबरावरून. मला कानावरून."

"अगं, तुला हुरूप यावा म्हणून..."

"माझ्याबद्दल तुम्हाला दुसरं काय माहीत आहे, सर?"

हातातली नळी सरांनी उलटी केली, सुलटी केली.

"तुझी हजेरी चांगली असते," ते म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. मलाही त्यांची दया आली. वाईट माणूस नव्हताच तो. त्यांनी स्टूल ओढलं, बसले, आणि नेहमीच्या साध्या आवाजात म्हणाले, "मग सांग तू."

मी तापीचं सांगितलं. पूल, ओंजळ, रामनची बोट, सगळं.

"हे वर्गात का नाही विचारलंस?"

"तुम्ही मला कधी उठवतच नाही, सर. मला ऐकू यायचं नाही म्हणून."

सर उठले आणि दारातून ओरडले, "रतिलाल गेला का रे? त्याला सांगा, एडिसन तुझा!"

विज्ञान दिनाला शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. आई पहिल्या रांगेत बसलेली. सर एकेकाला पुढे बोलवून, कोणता शास्त्रज्ञ त्याला का दिला ते सांगत होते. माझी पाळी आली. सर आता काय बोलतील याचा भरवसा नव्हता.

"ही पुष्पा," सर म्हणाले. "हिला तापीच्या पुलावर एक प्रश्न पडला. त्याचं उत्तर मलाही नीट देता आलं नाही. म्हणून रामन हिनं स्वतः मागून घेतले."

एवढंच. मग मी बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, पण खूप बोलले.

घरी परतताना आई म्हणाली, "सर तुना कानबद्दल काहीच बोलनात नई."

"नई ना," मी म्हटलं.

ती थोडं पुढे गेली आणि थांबली.

"ते पाणीनं माले परत सांग बरं."