उपराष्ट्राध्यक्षासाठी एक ‘आमच्या बापा’

ॲशली खोलीबाहेर यायचा तो फक्त संध्याकाळच्या रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या ट्रुगानिनाच्या त्या घरात इझाबेलाने एकही संध्याकाळ चुकू दिली नव्हती. ताप असो, पाहुणे असोत, रोझरी व्हायलाच हवी. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. चाळिशी ओलांडलेला मुलगा निदान गुडघे टेकायला तरी बाहेर येतो, एवढ्यावर ती माउली तग धरून होती.

तिचा नवरा लिओनार्ड वसईत बँकेत असल्यापासून अमेरिकेच्या राजकारणाने झपाटलेला. त्यातही एका उपराष्ट्राध्यक्षावर त्याची भारी भक्ती. कमी बोलणारा, राष्ट्राध्यक्षाच्या मागे उभा राहून अख्खा कारभार हाकणारा माणूस! त्याने इराकचं युद्ध रेटलं, ऑस्ट्रेलियाही मागोमाग गेला. “अशा माणसाच्या शब्दाला वजन असतं,” म्हणत लिओनार्डने विशीतल्या ॲशलीला फौजेत धाडलं. पोरगं परत आलं, पण कुणाशी धड बोलेनासं झालं. बापाचं मत काही बदललं नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

तो उपराष्ट्राध्यक्ष वारला, त्या दिवशी टीव्हीवर त्याचीच कारकीर्द चालू होती. कुणी मुत्सद्दी म्हणत होतं, कुणी गुन्हेगार. ॲशलीच्या कानावर पडू नये म्हणून इझाबेलाने टीव्ही बंद केला. नवऱ्याचं तोंड बंद करायचं मात्र तिला सुचलं नाही.

रोझरी संपली की मेलेल्यांची नावं घ्यायची आणि प्रत्येक नावाला ‘आमच्या बापा’ ही येशूची प्रार्थना एकदा म्हणायची, ही वसईपासूनची त्यांच्या घरची रीत. आजी झाली, मामा झाले, आणि लिओनार्डने त्या उपराष्ट्राध्यक्षाचं नाव घेतलं. मेल्यावर कसला भेदभाव, असं त्या भाबड्याला वाटलं. इझाबेलाने चटकन ॲशलीकडे पाहिलं.

ॲशली उठला नाही. त्याने प्रार्थना पूर्ण म्हटली. मग म्हणाला, “पपा, अजून एक. एक लिटल गर्ल. चेकपोस्टवर त्यांची कार थांबली नाही. मी फायर केलं.”

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लिओनार्डने विचारलं,

“नाव... नाव काय तिचं, बाळा?”

“आय डोन्ट नो, पपा. नोबडी आस्क्ड.”

नावाशिवाय सुरुवात कशी करायची ते लिओनार्डला उमगेना. शेवटी इझाबेलाने ‘आमच्या बापा’ सुरू केलं, तोवर ॲशली खोलीत निघून गेला होता.

दुसऱ्या संध्याकाळी तो आला नाही. इझाबेलाने दार वाजवलं, विनवण्या केल्या, रडली.

आतून आवाज आला, “तिचं नाव कळलं की येतो, मम्मी.”