ॲडमिन नाथाजी

"आवं नाथादा, मसाल्याला कांदा कमी पडतोय. आजून पाच किलो तरी आणा," आचारी चुलीजवळून ओरडला, आणि नेमका त्याच वेळी नाथाजींच्या खिशातला फोन थरथरला.

नाथाजींनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. समस्त भावकीचा ग्रुप. करड्या रंगात बारीकशी एक ओळ आली होती: जुनमोनी यांनी ग्रुप सोडला.

आता भावकीच्या ग्रुपातून कुणी बाहेर पडतं का हो? माणूस वर गेला तरी नंबर तसाच राहतो. आखाडात वारलेल्या बिरदेवअण्णांना परवा वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या, आणि पन्नास जणांनी खाली हात जोडले! मग ही का गेली? आणि जाऊन गेली कुठं? ही तर मागच्या सोप्यात लसूण सोलत बसली होती.

जुनमोनी म्हणजे नाथाजींची सून. आसामची. नाथाजींनी एकतीस वर्षं जोरहाटच्या बाजारात सोनं गाळायचं दुकान चालवलं. विट्याच्या बाजूला याचं कुणाला नवल नाही. इथली निम्मी पोरं मिसरूड फुटायच्या आत गलाईला जातात, कुणी कोचीनला, कुणी कानपूरला. गावात बंगले बांधतात, वर्षभर कुलपं लावून ठेवतात आणि जत्रेला आठ दिवस उघडतात. आता जोरहाटचं दुकान थोरला साईराज बघतो, आणि तिथल्याच एका शाळामास्तरांची मुलगी त्यानं केली. यंदा जत्रेत भावकीला जेवण घालायचा मान नाथाजींच्या घराकडं होता. ऐन लगीनसराईत साईराजला दुकान सोडता येईना. तर ही पोरगी स्वतःचा बिहूचा सण टाकून, तीन दिवस रेल्वेत बसून एकटी आली.

तिला ग्रुपात घेतलं तेही नाथाजींनीच. एकशे अठरा माणसांच्या त्या ग्रुपाचे एकटे ॲडमिन तेच. "आमच्या सूनबाई", असं त्यांनी वर लिहिलं होतं. मग फुलांचा नुसता पाऊस पडला. तीनच दिवस झाले त्याला.

नाथाजींनी अंगठ्यानं मागचं मागचं वर सरकवलं. काल संध्याकाळी त्यांचा चुलतभाऊ दादासो यानं देवळातला फोटो टाकला होता. नऊवारी नेसलेली जुनमोनी, हातात नैवेद्याचं ताट. फोटो चांगलाच होता. खाली भावकी बोलत होती.

"चायनीजचा गाडा कवा लावताय?"

"गल्लीतली कुत्री बांधून ठेवा रं, सूनबाई जेवाय बसल्यात."

"एवढ्या लांबनं आणली, कितीला पडली म्हणायची?"

"डोळं उघडून फोटो काढाय पायजे हुता. का उघडंच हायत?"

कुत्र्यांच्या ओळीखाली हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं होती. चौदा. कोण कोण हसलंय ते बघायला नाथाजींनी त्यावर बोट ठेवलं. यादी उघडली. पहिलंच नाव त्यांचं स्वतःचं होतं.

हे मी केलं?

नाथाजींची एक सवय होती. भावकी म्हणजे लाजाळूचं झाड. एकाच्या फोटोला हात जोडले आणि दुसऱ्याच्या राहिले, की सहा महिने बोलणं बंद. म्हणून रोज जेवण झालं की नाथाजी पाटावर बसून दिवसभराच्या सगळ्या संदेशांना काही ना काही वाटून टाकायचे. कुणाला हात, कुणाला फूल, कुणाला हसू. कुणाचं मन मोडायला नको. एकतीस वर्षं परमुलखात काढलेल्या माणसाला ही विद्या शिकवावी लागत नाही.

'सवयीनं बोट लागलं असणार,' त्यांनी मनाशी म्हटलं, आणि ते सोप्याकडं निघाले.

जुनमोनी खाली मान घालून लसूणच सोलत होती. डोळे कोरडे होते. रडत असती तर बरं, असं नाथाजींना वाटलं.

"पोरी, ग्रुप का सोडलास?"

"मजकूर मी वाचला, मामा."

मामा! लग्नापासून ती त्यांना देउता म्हणायची. देउता म्हणजे तिकडच्या भाषेत बाबा. सासऱ्याला मामा म्हणतात हे गावानं तिला शंभरदा सांगितलं होतं आणि तिनं शंभरदा हसून सोडून दिलं होतं. आज तिनं ऐकलं.

तिला मराठी वाचता येतं हे गावाला माहीत नव्हतं. नाथाजींच्या डोळ्यांना पडदा आला तेव्हापासून ती रोज दुपारी तीनला जोरहाटहून फोन करायची आणि मोबाइलवर मराठी पेपर उघडून त्यांना अग्रलेखापासून बाजारभावापर्यंत वाचून दाखवायची. डोळे बरे झाले तरी दोघांनी ते थांबवलं नाही. त्यामुळं तिचं मराठी थेट पेपरातलं. घरातले सगळे 'हाय-न्हाई' करत असताना ही एकटी 'आहे-नाही' बोलायची, आणि तिच्या सासूबाई, मनुबाई, पदर तोंडाला लावून हसायच्या.

"आगं, ती उडाणटप्पू पोरं हायत. त्यांच्या तोंडाला कोण लागतंय," नाथाजी म्हणाले.

"त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मी त्यांना ओळखत नाही." तिनं लसणाची पाकळी परातीत टाकली. "आपण हसलात."

"त्ये... सवयीनं बोट लागलं बघ. वाचलंच न्हाई मी."

तिनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यानं नाथाजींना कालची संध्याकाळ लख्ख आठवली. पाटावर बसले होते. मनुबाई म्हणाल्या होत्या, "काय ओ, एकटंच हसताय?" आणि ते म्हणाले होते, "काय न्हाई, दादासोचं आपलं कायतरी." म्हणजे वाचलं होतं. अक्षर न् अक्षर वाचलं होतं, हसू आलं होतं आणि मग बोट दाबलं होतं. अरे देवा! ज्या पोरीच्या आवाजात तीन वर्षं जगाच्या बातम्या ऐकल्या, तिच्यावर मी हसलो? आणि आत्ता तिच्याच तोंडावर खोटं बोललो?

ते तिथून निघाले. मांडवात रचलेल्या खुर्च्यांच्या चळतीला टेकून उभे राहिले.

जोरहाटला गेले त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. एका सकाळी दुकान उघडायला गेले, तर फळ्यांवर कुणीतरी कोळशानं दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. नाथाजींना तिकडची लिपी येत नव्हती. वाटलं, जाहिरात असेल. शाळेला निघालेले एक मास्तर थांबले, त्यांनी ते वाचलं, आणि खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढून सगळं पुसून टाकलं. "काय लिहिलं होतं?" असं नाथाजींनी विचारलं. मास्तर म्हणाले, "काही नाही, पोरांचा खेळ." तो काळा झालेला रुमाल घडी करून खिशात घातला आणि गेले. काय लिहिलं होतं ते आजवर सांगितलं नाही. पुढं तेच व्याही झाले. त्यांची ही लेक.

"काय नाथादा, उभ्या उभ्या झोप लागली व्हय?" दादासो मांडवात शिरला. मनाचा मोठा माणूस. बोकड त्यानंच बघून आणले होते, मांडववाला त्यानंच ठरवला होता, नाथाजींच्या डोळ्यांच्या वेळी सांगलीला आठ दिवस दवाखान्याच्या पायरीवर तोच झोपला होता.

नाथाजींनी फोन त्याच्यासमोर धरला. "हे जुनमोनीनं वाचलं. ग्रुप सोडला तिनं."

दादासोचा चेहरा पडला. "तिला वाचाय येतंय?"

"येतंय. तुज्या-माज्यापेक्षा चांगलं."

"आवं, मग आदी सांगायचं न्हाई व्हय!"

नाथाजी त्याच्याकडं बघत राहिले. या माणसाला धक्का बसला होता खरा, पण कशाचा? "आदी सांगितलं आसतं तर काय केलं आसतंस?"

"तर कुणी लिवलं नसतं की."

"मनात तर आसतंच."

"मनातलं कोण बघाय येतंय, नाथादा? मस्करी हुती. आपुन केरळात गेलो तर आपल्याला न्हाईत व्हय म्हणत कायबाय?" दादासोनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बगा, मी फोटो काढून टाकतो. ती ग्रुप सोडून गेली हे कुणाला दिसत न्हाई, ॲडमिनलाच दिसतंय. तुमी गप ऱ्हावा, मी गप ऱ्हातो. दुपारी दोनशे पान उठायचं हाय. तुमी कायतरी बोलून बसला तर भावकी फुटंल, आन् जेवान पडंल. घराचा मान जाईल, सांगून ठेवतो."

तो म्हणत होता त्यात काहीच खोटं नव्हतं. गप्प बसलं की झालं. कुणाला पत्ता लागणार नव्हता. पोरगी पाच दिवसांनी गाडीत बसून निघून जाईल, आणि पुढच्या जत्रेला साईराज म्हणेल, तिला सुट्टी नाही. त्याच्या पुढच्या जत्रेला कुणी विचारणारही नाही. नाथाजींना हे सगळं दिसलं.

"दादासो, तू घरी जा," ते म्हणाले.

खुर्ची ओढून ते बसले. इतक्या वर्षांत ग्रुपावर त्यांनी स्वतःचं वाक्य म्हणून क्वचितच लिहिलं होतं. सुप्रभात, हार्दिक अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, बस. एका बोटानं अक्षरं शोधत लिहायला त्यांना पाऊण तास लागला. कांद्याचं काय, म्हणून आचारी दोनदा विचारून गेला.

"काल जुनमोनीच्या फोटोखाली लिहिलेलं तिनं वाचलं. तिला मराठी वाचता येतं. मीही ते वाचून हसलो. चुकून बोट लागलं नाही, वाचून हसलो. तिला विकत आणलेली नाही, ती मास्तरांची लेक आणि माझ्या घरची आहे. मी तिची माफी मागणार आहे. ज्यांनी लिहिलं आणि जे हसले त्यांनीही आज जेवायला यावं, पण पंगतीला बसायच्या आधी तिच्याशी बोलावं. नाथाजी."

त्यांनी ते पाठवलं. मग सोप्यात गेले, सुनेसमोर उभे राहिले. "पोरी, मघाशी खोटं बोललो. वाचलं हुतं मी. वाचून हसलो. चुकलं माजं."

"वाचलं मी," जुनमोनी म्हणाली. "साईराजनी आत्ता पाठवलं." आणि लसणाची परात उचलून आचाऱ्याकडं घेऊन गेली. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही.

फोनवर मात्र मोहोळ उठलं होतं. 'जत्रेच्या दिवशी हे काय काढलं?' 'मस्करी कळत न्हाई, तर ग्रुपात कशाला घ्यायचं?' 'सुनेनं कान भरलं, दुसरं काय.' कोचीनहून कुणी, कानपूरहून कुणी. 'बरोबर लिहिलंत काका,' असं एकानं लिहिलं आणि दोन मिनिटांत पुसून टाकलं. नाथाजींनी फोन उलटा करून फळीवर ठेवला.

एक वाजला. पट्ट्या अंथरल्या, पत्रावळ्या मांडल्या. दीड वाजला. वाड्यावस्त्यांवरचे, सालगडी, मांडववाला, असे पंधरा-वीस जण जेवून गेले. भावकी नाही. दादासोच्या घरून तर कुणीच नाही, लहान पोरसुद्धा नाही.

दोन वाजता काठी टेकत एकट्या राहीबाई आल्या. ऐंशी वर्षांच्या, भावकीतल्या सगळ्यांत थोरल्या. पंगतीकडं न जाता सरळ जुनमोनीपुढं उभ्या राहिल्या.

"बाय, माज्या नातवानं तुज्याबद्दल कायतरी लिवलंय म्हनं. मला वाचाय येत न्हाई. काय लिवलंय ते घरात कोन सांगंना. वंगाळच आसंल, न्हाईतर सांगितलं आसतं." आणि म्हातारी खाली वाकायला लागली.

जुनमोनीनं त्यांना वरच्यावर धरलं. सकाळपासून कोरडे राहिलेले डोळे तिथं वाहू लागले. "नको, आजी. आपण नका वाकू. आपण काही केलेलं नाही," एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत राहिली. राहीबाई दोन घास खाऊन, तिच्या गालावरून हात फिरवून गेल्या.

मनुबाई चुलीजवळ कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "झालं समाधान? आता ह्या हंड्यांचं काय करू? दोन बोकडं पडली वो!" त्या नवऱ्यावर कडाडल्या. मग त्यांनी सुनेकडं पाहिलं, आणि आवाज उतरला. "लिवलं ते बरं केलंसा. पर काल हसला कशाला?"

नाथाजी पंगतीकडं वळले. ते एकटेच पट्टीच्या टोकाला जाऊन बसले. थोड्या वेळानं जुनमोनी दोन पत्रावळ्या वाढून घेऊन आली. एक त्यांच्यापुढं ठेवली, दुसरी घेऊन त्यांच्याशेजारी बसली. गावात सून सासऱ्याच्या शेजारी जेवायला बसत नाही. पण बघायला होतं कोण?

"मला अजून राग आहे," ती म्हणाली.

"आसू दे."

"पुष्कळ आहे."

"आसू दे की. मी हाय हितंच."

तिनं भाकरी मोडली आणि रश्श्यात बुडवली. नाथाजींनीही पहिला घास घेतला. मांडवाबाहेर कुणाची चाहूल नव्हती, नुसतं वारं सुटलं होतं आणि मांडलेल्या पत्रावळ्या उडू बघत होत्या. मनुबाईंनी मिठाचं भांडं घेतलं आणि कुणीतरी येईलच अशा थाटात एकेका रिकाम्या पानावर मीठ वाढत त्या पंगतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या.