चवीपुरतं

"काही खाल्लं-प्यायलं नाही ना सकाळपासून?" नर्सनं पुन्हा विचारलं.

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही," काकूंच्या आधी त्यांची लेकच बोलली. "मी बजावून ठेवलं होतं. हो ना गं, आई?"

"हो की," काकू म्हणाल्या आणि पायावरची चादर उगाच सारखी करत बसल्या.

आता यात खोटं काय होतं? काकूंच्या मते त्यांनी खरंच काही खाल्लं नव्हतं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभी हयात शेगडीपुढे काढलेली बाई ती. खाणं कशाला म्हणतात हे तिला कुणी शिकवायला नको. बसायचं, ताट पुढ्यात घ्यायचं, घास मोडायचा, ते खाणं. पहाटे "किल्ल्या देऊन येते" असं लेकीला सांगून त्या कॅन्टीनला गेल्या खऱ्या, पण नुसतं उभं राहवेना. हाताखालच्या बाईचा हात मिठाला भारी सैल. म्हणून रश्शाचा थेंब तळहातावर घेऊन चाटला. बटाटा शिजला का, म्हणून एक फोड तोंडात टाकली. दुधाला कसलासा वास येत होता, म्हणून वाटीत घेऊन पाहिलं. एका घोटात कळेना, मग वाटी संपेपर्यंत पाहिलं. झालं! कामच ते. त्याला कुणी खाणं म्हणतं होय?

पित्ताशयातल्या खड्यांनी काकूंना वर्षभर नको नको केलं होतं. लेक परगावी नोकरीला. तिनं साहेबाच्या नाकदुऱ्या काढून रजा मिळवली, त्या रजेत बसेल अशी ऑपरेशनची तारीख मिळावी म्हणून दवाखान्यात फोनवर फोन केले, आणि रविवारी तिला परत जायचंच होतं.

"एक घोट चहा दिला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?" शेजारच्या खाटेवरची आजी करवादली. "घसा नुसता सुकून गेलाय माझा."

"पोट कापताना आत घाण नको, म्हणून देत नाहीत," समोरच्या खाटेजवळची सून म्हणाली.

"अगं, पण माझा गुडघा कापणार आहेत! चहा काय गुडघ्यात उतरतो होय?"

सगळा वॉर्ड हसला. काकू तर पोट धरून हसल्या. नर्सही हसली, पण सलाईनची नळी सोडवता सोडवता म्हणाली, "आजी, भूल दिली की माणसाला धड ठसकाही लागत नाही. पोटातलं वर आलं तर थेट फुफ्फुसात उतरतं. चहा असो नाहीतर दूध. जिवावर बेततं हो."

काकूंचं हसू तिथल्या तिथे विरलं.

दूध! तेवढा एक शब्द डोक्यातून जाता जाईना. काकू उठल्या, मोरीपर्यंत जाऊन आल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. वाटीभर तर होतं. वाटी लहान होती. पण म्हणून काय झालं? आणि ती बटाट्याची फोड? नर्सला हळूच विचारावं, तर लेक पायाशीच बसलेली. फोनवर साहेबाला सांगत होती, "हो सर, रविवारी निघतेच. नाही सर, आता पुन्हा रजा नाही मागत." बोलावं तर पोरीची रजा पाण्यात, न बोलावं तर आपला जीव. आणि आपण भुलीतून उठलोच नाही तर पोरगी काय म्हणेल? मीच नीट विचारलं नाही, असंच आयुष्यभर म्हणत राहील.

"आई, किती चुळबुळ करतेस! घाबरलीस का?"

"मी कशाला घाबरतेय," काकू म्हणाल्या.

चाकाची खुर्ची आली. लेक दारापर्यंत आली आणि बाहेर थांबली. आत भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला तेव्हा काकूंनी खुर्चीचा दांडा गच्च धरला.

"बाई, चव घेतलेली चालते का हो?"

"कसली चव?"

मग काकूंनी सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. "सांगितलंत ते फार चांगलं केलंत," म्हणाल्या. "पण आज नाही. पुढच्या आठवड्यात बघू."

लेकीचा मात्र बाहेर भडका उडाला.

"किल्ल्या द्यायला गेली होतीस ना? पुढच्या आठवड्यात कोण आहे तुझ्याजवळ? मी कुठून येऊ?"

"हाताखालची आहे की. ती बसेल माझ्यापाशी."

"पण खाल्लंस कशाला तू?"

"अगं, खाल्लं कुठे? नुसती चव घेतली." काकूही आता चिडल्या. त्यांना रडूच येत होतं. "चव म्हणजे काय खाणं झालं? त्यानं कधी पोट भरतं का कुणाचं?"

लेक काहीतरी बोलणार होती, ती तशीच थांबली.

"तू तर म्हणायचीस भरतं," ती हळू आवाजात म्हणाली. "आम्हा भावंडांना वाढून झालं की पातेलं पालथं घालायचीस. आम्ही विचारलं की म्हणायचीस, चव घेऊन घेऊनच माझं पोट भरलं. रोज म्हणायचीस, आई."

काकूंनी मान वळवली. "तेव्हाचं वेगळं होतं," एवढंच म्हणाल्या.

काकूंना परत खाटेवर बसवून लेक निघून गेली. बऱ्याच वेळानं परतली ती दवाखान्याच्या कॅन्टीनमधून डाळ-भाताचं ताट घेऊन. काकूंनी सवयीनं ते तिच्याकडेच सरकवलं.

"तू घे आधी. सकाळपासून तूही उपाशीच आहेस."

"आज तू आधी."

काकूंनी घास घेतला. डाळीत मीठ नव्हतंच म्हणा ना. एरवी त्यांनी ताट उचलून थेट आचाऱ्यालाच गाठलं असतं. आज त्या खाली मान घालून जेवत राहिल्या, आणि त्यांनी शेवटचं शीत उचलेपर्यंत लेक समोरून हलली नाही.