अपुरी अंगाई

काजं करता करता शिंप्याने सुई थेट बोटात खुपसून घेतली. टेबलावरच्या लॅपटॉपमधून कुणी बाई अंगाई म्हणत होती, आणि ती भाषा या घरात आजवर कुणी उच्चारली नव्हती.

“बंद कर ते.”

“बाबा, उद्याचा धडा आहे माझा. या साइटवर जगभरातल्या माणसांचा इतिहास आहे, चालीरीती, गाणी.” मुलगी शाळेत शिकवायची; आवाज मोठा ठेवायची सवय तिथलीच. “ही भाषा बोलणारं आता कुणी उरलं नाही म्हणे. हाकलून दिलं सगळ्यांना.”

शिंपी उठून खिडक्या लावू लागला. हाकललेल्यांतलाच तो एक. नाव बदललं, गाव बदललं, बायकोलासुद्धा शेवटपर्यंत सांगितलं नाही. असा माणूस उघडा पडला, तर या शहरात त्याला आजही थारा नव्हता. भिंतींनाही कान असतात, आणि इथे तर खालच्याच मजल्यावर निवृत्त पोलीस जमादार राहत होते. त्यांचे गणवेश शिंप्यानेच शिवलेले. मापं घेताना तो दर वेळी नजर टेपवरच ठेवायचा.

गाणं मध्येच थांबलं.

“रेकॉर्डिंग अपुरं आहे, असं लिहिलंय,” मुलगी म्हणाली.

अपुरं नव्हतं. शेवटची ओळ आई कधी म्हणतच नसे. ती घरातल्या दुसऱ्या कुणीतरी म्हणायची, म्हणजे आपल्याला एकटं टाकलेलं नाही, हे बाळाला कळायचं. शिंप्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

खाली दार वाजलं. जड पावलं जिना चढत आली आणि त्यांच्याच दाराशी थांबली. बेल मात्र वाजली नाही.

शिंप्याने लॅपटॉप मिटला. लेकीची नोकरी, हे घर, आता सगळ्यावर पाणी पडणार.

“उघडू नकोस,” तो कुजबुजला.

दारापलीकडून जमादारांचा घोगरा आवाज आला. दबका, बेसूर. ते शेवटची ओळ म्हणत होते.

शिंप्याला कडी काढायला दोन्ही हात लागले. दारात उभ्या जमादारांचा चेहरा घामाने डबडबला होता. त्यांनी आधी मागे वळून जिना पाहिला.

“खिडक्या लावल्यात ना?” ते म्हणाले.

शिंप्याने उत्तर दिलं. मुलीला त्यातलं काहीच कळलं नाही.

जमादार आत आले.