शिंपीदादांनी जादा शिवलेली ओळ

मी एक जुना कापडी बुद्धिबळाचा पट आहे, मित्रांनो. मशीनखाली पडलेल्या पांढऱ्या-निळ्या चिंध्यांतून देवाने मला जन्माला घातलं. हात तेवढे शिंपीदादांचे. सुट्टीत त्यांची लेक बिट्टी "कंटाळा आला, कंटाळा आला" म्हणत दुकानभर फिरायची, म्हणून त्यांनी मला एका दुपारी शिवून टाकलं. कोटाचं मोठं बटण राजा, बोटावरचं अंगुस्तान वजीर, बॉबिनी हत्ती, खडूचे तुकडे उंट, हुक घोडे आणि शर्टाची बटणं प्यादी. एका सैन्याला ओळखीसाठी लाल दोरा बांधला.

"हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं. कळलं?"

"घोडा असा वाकडा का जातो, बाबा?"

"त्यालाच विचार. मी शिंपी आहे."

आठ दिवस बिट्टी हरत होती. नवव्या दिवशी तिने बॉबीन सरकवली आणि हळूच म्हणाली, "आता तुमचा राजा कुठे जाणार?" दादांनी कात्री बाजूला ठेवली, डोकं खाजवलं. "अगं, कुठेच नाही की!"

काय सांगू त्या क्षणाची गोडी! आपल्या मनात योजलेलं डोळ्यांसमोर तसंच घडलं, हा आनंद त्या पोरीच्या तोंडावर मावत नव्हता. त्या दिवसापासून खेळाने तिला धरलं ते धरलंच.

मग शाळेत स्पर्धा आली. बिट्टी पहिलाच डाव चुटकीसरशी हरली. घरी येऊन तिने मला चिंध्यांच्या ढिगात भिरकावलं.

"मी ढ आहे. उद्याचा डाव मी खेळणार नाही. कधीच खेळणार नाही! सगळे लगेच अंगावरच येतात."

काजं करत बसलेल्या तिच्या आईने मला उचललं, झटकलं आणि बोटाने मोजू लागली. "अहो, आडव्या ओळी आठ असतात ना? या तर नऊ! ही जादाची कोणासाठी?"

दादांनी जीभ चावली. मुलांचे कपडे चार बोटं मोठे शिवायची त्यांची सवय. "वाढत्या अंगाची पोर म्हणून... हात गेला असेल."

"पट काय वाढत्या अंगाचा असतो?"

दोन्ही टोकांना सैन्य मांडल्यावर मधली घरं कोण मोजतो, मित्रांनो? बिट्टीने स्वतः पुन्हा ओळी मोजल्या, आणि अशी हसली की तिला उचकी लागली. "म्हणजे मी ढ नाही! शाळेच्या पटावर शत्रू एक घर जवळ होता!"

दादांनी लगेच जादा ओळीचे टाके उसवले. खोटं कशाला बोलू, दुखलं. पण त्याच संध्याकाळी बापलेकीने माझ्यावर तीन डाव खेळले, आणि दुसऱ्या दिवशी बिट्टी दारातूनच ओरडली, "आई, बरोबरी! वरच्या वर्गातल्या ताईबरोबर! परवा पुन्हा खेळायचंय!"

मित्रांनो, एखादं लेकरू हरून रडत आलं, तर त्याला ढ म्हणण्याआधी जरा जवळ बसा आणि त्याचा पट मोजून बघा. आणि आम्हाला घडी घालून कपाटात कोंडू नका. पसरा, समोर कोणाला तरी हाक मारा, आणि पहिलं प्यादं पुढे सरकवा.