बिनसाबणाचा कोट

"अगं अगं, साबण नको!" ताई अंथरुणातूनच ओरडली आणि तिच्या सुनेचा हात बादलीवर थबकला. ताईचा खाकी कोट ती भिजवायलाच निघाली होती.

"आई, किती मळलाय बघा तरी. लोक काय म्हणतील?"

"लोकांसाठी नाहीये तो, सशांसाठी आहे. साध्या पाण्यातून काढ. साबणाचा वास आला की ते बिचकतात."

सून माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, आमच्या सासूबाईंना आमच्यापेक्षा सशांचंच जास्त."

"ससे उलटून बोलत नाहीत," ताई म्हणाली.

माझी ही थोरली बहीण जन्मभर लस तयार करणाऱ्या एका संस्थेत ससे सांभाळत होती. लांबट खोली, जाळीचे पिंजरे, ओल्या गवताचा वास. लग्नाआधी मी तिचा डबा घेऊन तिथे जायची. तेव्हा तिनं मला सांगितलेलं अजून आठवतं. "घाबरलेला ससा ओरडत नाही गं. दगड होतो. कान पाठीला चिकटतात, नाक हलायचं थांबतं, आणि अंगावर हात ठेवलास तर आत काळीज नुसतं फडफडत असतं. मग खाणं सुटतं, पोट बंद पडतं, आणि एक दिवस मान टाकतो."

"पण शेवटी सुईच टोचायची ना त्यांना?"

"टोचायचीच आहे. म्हणून काय आधी भीतीनं मारायचं?"

ताईनं अंथरूण धरलं आणि तिच्या जागी नवी बाई आली. बिचारी मायाळू होती, पण ती दारात दिसली की सगळे ससे कोपऱ्यात दडायचे. गवत तसंच पडून राहायचं. काहींनी तर अंगावरचे केस उपटायला सुरुवात केली. संस्थेच्या डॉक्टरसाहेबांचा निरोप आला, तेव्हा ताईनंच ही युक्ती काढली. ती कोट घालून अंथरुणात पडून राहायची. मग मी तो संस्थेत पोचवायची, आणि नवी बाई तो चढवून पिंजऱ्यांपाशी जायची. तिथला दुसरा कोट मी परत आणायची.

हिवाळाभर हे चाललं. ससे खायला लागले. मी घरात पाऊल टाकलं की ताईचा पहिला प्रश्न, "खाल्लं?" मी हो म्हटलं की तीही दोन घास खायची. एरवी तिला अन्न नकोसंच झालं होतं.

पुढे तिची औषधं बदलली. त्यानंतरच्या एका दुपारी मी कोट घेऊन गेले. नवी बाई तो घालून पहिल्या पिंजऱ्याशी वाकली आणि आतल्या सशानं मागचा पाय धप्पकन आपटला. मग शेजारच्यानं. मग साऱ्या रांगेनं. कान पाठीला, डोळे ताठ.

तिनं घाईघाईनं कोट काढून बाहेर ठेवला. परत आत येऊन नुसतीच हातात पाला धरून बसून राहिली. बऱ्याच वेळानं एक म्हातारी सशीण पुढे सरकली आणि तिच्या हातातून खाऊ लागली. हळूहळू बाकीचेही आले.

"मी काही केलं नाही हो, मावशी," ती रडवेली झाली होती.

"नाही गं बाई. छान केलंस."

वाटेत मी कोट नाकाशी धरला. औषधाचा उग्र दर्प होता, आणि त्याखाली आणखी काहीतरी. ताई त्यात कुठेच नव्हती.

"खाल्लं?" तिनं विचारलं.

"खाल्लं."

"मग हाच कोट परत कसा?"

तिनं कोट ओढून घेतला, त्यात तोंड खुपसलं आणि वास घेतला.

"तिच्या हातून खाल्लं?"

"हो."

"बरं झालं. लागली सवय." तिनं कोटाच्या बाह्या नीट आत दुमडल्या आणि सुनेला हाक मारली. "हा धुवून टाक गं. आता लाव साबण, हवा तेवढा."

मी ताट पुढे केलं. तिनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून अंग चोरून पडली. मोरीत कोट धोपटल्याचा आवाज येत होता. ती हूं की चूं करत नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आत काळीज नुसतं फडफडत होतं.